परदेशातली कंपनी आयटीचं काम बाहेर द्यायचं की नाही हे कसं ठरवते: नाशिकमधल्या नवख्यांसाठी

दरवर्षी निकाल लागले की गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात दोन-तीन नव्या टोळ्या येऊन जातात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातच चौघांनी मिळून कंपनी काढलेली असते, लोगो झालेला असतो, वेबसाइट उभी असते, आणि परदेशातल्या तीनशे-चारशे कंपन्यांना एकच ईमेल गेलेला असतो. उत्तर एकाचंही आलेलं नसतं. मग चहा येईपर्यंत प्रश्न येतो: "ताई, तासाचा दर किती लावू? पंधरा डॉलर जास्त होतात का?"

मी पुण्यात अकरा वर्षं एका युरोपियन कंपनीच्या स्वतःच्या केंद्रात होते. त्यातली साडेतीन वर्षं इंग्लंडमध्ये, लीड्सला, आयटीचं कोणतं काम बाहेर द्यायचं हे ठरवणाऱ्या गटात बसले. आई आजारी पडली म्हणून २०१७ मध्ये नाशिकला परत आले आणि आता एकोणीस माणसांची छोटी कंपनी चालवते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे. त्या अनुभवावरून सांगते, तिकडे दराचा विषय निघेपर्यंत चार-पाच बैठका होऊन गेलेल्या असतात. त्या बैठकांत काय बोललं जातं हे कळलं, तर कोणाला लिहायचं, काय लिहायचं आणि कोणाच्या वाटेला जायचंच नाही, हे आपोआप उलगडत जातं. म्हणून त्यांच्या क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: हा विषय निघालाच कशाने

कोणतीही कंपनी एका सकाळी उठून काम बाहेर देत नाही. आधी काहीतरी अडलेलं असतं. जुन्या सॉफ्टवेअरची खडानखडा माहिती असलेला माणूस दीड वर्षात निवृत्त होणार असतो. सहा महिने जाहिरात देऊनही माणूस मिळत नसतो. नवा वित्तप्रमुख आलेला असतो आणि त्याने सगळ्या खात्यांना खर्च कमी करायला सांगितलेलं असतं. किंवा दोन कंपन्या एकत्र झालेल्या असतात आणि एकाच कामाची दोन सॉफ्टवेअर उरावर बसलेली असतात.

मोठ्या प्रमाणावर या सगळ्याला सुरुवात झाली ती १९८९ मध्ये. कोडॅकने आपली डेटा सेंटर चालवायचं काम आयबीएमकडे सोपवलं, आणि एवढ्या मोठ्या कंपनीने स्वतःची संगणक-व्यवस्था दुसऱ्याच्या हाती दिल्याचं पाहून बाकीच्यांची भीड चेपली. ते काम अमेरिकेतच राहिलं होतं. समुद्रापार जायचा रस्ता वेगळ्या बाजूने तयार होत होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरात केंद्र काढून उपग्रहाची जोडणी घेतली. पुढे २००० सालच्या तारखांचा प्रश्न आला, जुन्या कोबोल प्रोग्रॅममधल्या दोन आकडी वर्षांची दुरुस्ती करायला अमेरिकेत माणसं पुरेनात, आणि ते काम ढिगाने भारतात आलं. त्या वेळी निमित्त होतं माणसांची टंचाई. स्वस्ताई त्याच्या जोडीला आली.

हा इतिहास सांगते आहे तो याच कारणासाठी. माणूस मिळत नाही म्हणून काम बाहेर काढणाऱ्या कंपनीला "आम्ही स्वस्त आहोत" हे सांगून काही होत नाही. तिला "आमच्याकडे या कामाचे तिघं आहेत" हे ऐकायचं असतं. खर्चासाठी काढणाऱ्या कंपनीला तिघांच्या हुशारीपेक्षा दोन वर्षांचा हिशोब पाहायचा असतो. निवृत्तीच्या भीतीने काढणारी कंपनी सगळ्यात हळवी असते, कारण तिला आपल्याजवळचं ज्ञान हरवण्याची धास्ती असते. तिला लिहिताना, तुम्ही ते ज्ञान लिहून कसं काढाल हे पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

मग अडलं आहे काय, हे बाहेरून कसं ओळखायचं? त्यांच्या नोकरीच्या जाहिराती वाचा. एकच जागा चार महिने तशीच पडली असेल, तर त्यांचं दुखणं तिथे आहे. वार्षिक अहवाल उपलब्ध असेल तर त्यातलं जोखमींचं प्रकरण वाचा. दोन तास जातात, पण तीनशे ईमेलपेक्षा ते दोन तास जास्त कामाचे आहेत.

दुसरी पायरी: कामाचे तुकडे

"आयटी बाहेर देऊ या" असं वाक्य निर्णय घेणाऱ्या खोलीत फार वेळ टिकत नाही. लगेच कोणीतरी विचारतं, नक्की कोणतं?

द्राक्षाच्या बागेतलं उदाहरण देते. दिंडोरी-निफाडकडे ऑक्टोबर छाटणीला टोळ्या ठरवतात, पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, एकरावर उक्तं काम जातं. कात्री त्यांच्या हातात असते. पण काडी किती डोळ्यांवर, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांवर, कापायची हे बागायतदार स्वतः ठरवतो. आधी काडीतले डोळे तपासून घेतो, बागेत फिरतो, मग सांगतो. तो निर्णय तो कधीही उक्ता देत नाही, कारण तो चुकला तर वर्ष गेलं. कंपन्या आपल्या कामाचे तुकडे पाडतात ते साधारण याच नजरेने. कात्री कोणती आणि डोळे मोजणं कोणतं?

लीड्सच्या आमच्या गटात प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न लावले जायचे. हे काम कागदावर लिहून देता येतं का? ते करताना दिवसातून किती वेळा आपल्या माणसांशी बोलावं लागतं? आणि ते एक दिवस बंद पडलं तर पहिला फोन कोणाचा येतो, आपल्याच कर्मचाऱ्याचा की ग्राहकाचा? लिहून देता येणारं, कमी बोलावं लागणारं आणि बंद पडल्यावर आतलाच माणूस ओरडणारं काम सगळ्यात आधी बाहेर जातं. चाचण्या, जुन्या अहवालांची देखभाल, रात्रीचं सर्व्हरवरचं लक्ष, पासवर्ड विसरलेल्यांचा हेल्पडेस्क ही त्यातली. विम्याचा हप्ता कोणत्या सूत्राने ठरतो हा भाग आमच्याकडून कधीच हलला नाही. त्याचा कोड लिहायला बाहेरची माणसं आली, सूत्र आतच राहिलं.

रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ मध्येच याचं मूळ सांगून ठेवलं होतं. एखादी गोष्ट बाजारातून घ्यायची तर नुसती किंमत मोजून भागत नाही. माणूस शोधणं, बोलणी करणं, करार लिहिणं, नंतर लक्ष ठेवणं, यालाही पैसा पडतो. तो पैसा घरात काम करण्याच्या खर्चापेक्षा कमी असेल तिथपर्यंत माणूस बाजारात जातो, पुढे नाही. या विचारासाठी त्यांना १९९१ मध्ये नोबेल मिळालं. तुम्ही नवखे असाल तर एवढंच लक्षात ठेवा की त्या कंपनीचा हा शोधण्याचा आणि लक्ष ठेवण्याचा खर्च तुम्ही जितका कमी कराल, तितका तुमचा दर तिला कमी वाटेल, तुम्ही तो एक पैसाही कमी न करता.

तिसरी पायरी: किती लांब

बाहेर द्यायचं ठरलं तरी ते परदेशातच जाईल असं नाही. त्यांच्यासमोर चार वाटा असतात. त्याच देशातली दुसरी कंपनी; शेजारचा देश, म्हणजे जर्मनीला पोलंड आणि अमेरिकेला मेक्सिको; आपल्यासारखा लांबचा देश; आणि लांबच्या देशात स्वतःचंच केंद्र, मी पुण्यात होते तसं. या शेवटच्या प्रकाराला हल्ली जीसीसी (ग्लोबल केपेबिलिटी सेंटर) म्हणतात. शेदोनशे माणसं लागणार असतील तर मोठ्या कंपन्यांचा कल तिकडे असतो. चार माणसांसाठी कोणी केंद्र काढत नाही, आणि छोट्या कंपन्यांना जागा मिळते ती तिथेच.

लांब-जवळचा निर्णय फार वेळा घड्याळावर होतो. लंडन आपल्या मागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे अडीच किंवा दीड. म्हणजे नाशिकचं ऑफिस साडेनऊ ते साडेसहा चालत असेल तर चार-पाच तास दोन्हीकडची माणसं जागी आणि खुर्चीत असतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. तिथे समान वेळ हवा असेल तर तुमच्या चमूने दुपारी दोनला यायचं आणि रात्री अकराला घरी जायचं. सिडनीचं उलटं, त्यांची संध्याकाळ आपल्या दुपारच्या जेवणाआधीच होते.

रोज बोलावं लागणारं काम म्हणूनच शेजारच्या देशात जातं, आणि "संध्याकाळी द्या, सकाळी घ्या" असं काम आपल्याकडे येतं. तुम्ही लिहिताना "आम्ही चोवीस तास उपलब्ध" असं लिहू नका. सहा माणसांची कंपनी चोवीस तास उपलब्ध नसते हे वाचणाऱ्याला कळतं आणि पुढची वाक्यंही त्याला खोटी वाटू लागतात. "तुमच्या सकाळी नऊ ते दुपारी एक आम्ही नक्की असू" हे लिहा, आणि खरंच असा. घड्याळं बदलण्याच्या तारखाही भिंतीवर लावून ठेवा. युरोप मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतो, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत मीटिंगा चुकतात आणि चूक भारताच्या नावावर लागते.

चौथी पायरी: खरा हिशोब

इथे थोडं थांबून वाचा, कारण नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण त्यांची मांडणी मी कित्येक वेळा केलेली आहे.

समजा लीड्समधल्या कंपनीचे दहा डेव्हलपर आहेत. पगार, पेन्शन, जागा, लॅपटॉप धरून माणशी वर्षाला ७५,००० पौंड. एकूण साडेसात लाख. नाशिकची कंपनी म्हणते, आमचा तासाचा दर २० पौंड. वर्षाचे १,८०० तास धरले तर माणशी ३६,००० आणि दहा जणांचे ३ लाख ६० हजार. बचत ५२ टक्के. तीनशे कंपन्यांना गेलेल्या त्या ईमेलमध्ये हाच आकडा असतो.

आता वित्तविभाग त्याच कागदावर काय लिहितो ते पाहा. नवी माणसं, लांबचं अंतर, म्हणून दहाऐवजी बारा लागतील: ४ लाख ३२ हजार. त्यांना काम समजावून सांगायला आणि झालेलं तपासायला आपले दोघं इथे ठेवावेच लागतील: आणखी दीड लाख. ये-जा, व्हिसा, हॉटेल: २५,००० धरा. झाले ६ लाख ७ हजार. शिवाय पहिल्या वर्षात तीन महिने जुना चमू आणि नवा चमू बरोबरीने चालवावा लागेल, म्हणजे जुन्या खर्चाचा चौथा हिस्सा, १ लाख ८७ हजार ५००. पहिल्या वर्षाची बेरीज ७ लाख ९४ हजार ५००. म्हणजे घरी ठेवलं असतं त्यापेक्षा ४४,५०० पौंड जास्त!

दुसऱ्या वर्षी जुना चमू नाही, खर्च ६ लाख ७ हजार, बचत १ लाख ४३ हजार. साधारण १९ टक्के. पहिल्या वर्षीचा खड्डा भरायला त्यातले जवळजवळ चार महिने जातात. आणि यात अजून जाणाऱ्या माणसांना द्यायची भरपाई धरलेलीच नाही.

हा कागद मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला धक्का बसला होता. पुण्यात असताना आम्हाला वाटायचं की तिकडची मंडळी निम्म्या पैशात काम करून घेतात आणि तरी कुरकुर करतात. हिशोब कळल्यावर त्यांची घासाघीस कळली, आणि त्यांचा उशीरही कळला. ५२ टक्क्यांसाठी माणूस धाडस करतो. १९ टक्क्यांसाठी तो तीनदा विचार करतो, आणि दुसऱ्या वर्षी तुमच्या चमूतली निम्मी माणसं बदलली तर ते १९ टक्केही गेले.

मग तुम्ही काय करायचं? दर पाडण्याच्या मागे लागू नका. वरच्या कागदावर दुसऱ्या ओळींत हात घालायला भरपूर वाव आहे. बाराऐवजी दहाच माणसं पुरतील एवढं काम नीट लिहून घ्या. तपासणारे दोन असतात तिथे एकच पुरेल अशा चाचण्या आपल्या बाजूने लावा. बरोबरीने चालवायचे तीन महिने दोनवर आणा. नुसता एक महिना कमी झाला तर वरच्या हिशोबात ६२,५०० पौंड वाचतात. तेवढेच वाचवायला दर उतरवायचा म्हटलं तर बारा माणसांच्या २१,६०० तासांवर तासामागे जवळपास तीन पौंड सोडावे लागतील, आणि तो दर पुन्हा वर चढत नाही.

पाचवी पायरी: कायदा आणि करवाले

हिशोब जमला की कागद वकिलांकडे जातो आणि तिथे बरीच कामं अडकतात.

युरोपियन युनियनमधल्या ग्राहकांची नावं-पत्ते-आजार असा मजकूर असेल तर २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर, म्हणजे खासगी माहिती जपण्याचा तिकडचा कायदा, येतो. आपल्या देशातलं संरक्षण पुरेसं आहे असा निर्णय युरोपियन युनियनने दिलेला नाही, त्यामुळे तो मजकूर भारतात यायचा तर २०२१ मध्ये ठरवलेली प्रमाणित कलमं करारात घालावी लागतात. तो नाशिकच्या स्क्रीनवर नुसता दिसला तरी तो पाठवलाच असं धरतात, ही गोष्ट नवख्यांना माहीत नसते. याला सोपा उपाय म्हणजे खरा डेटा मागूच नका. "आम्हाला बनावट नावांचा चाचणी-डेटा पुरेल" असं सांगणारी कंपनी वकिलांना फार आवडते.

बँका आणि विमा कंपन्यांवर आणखी बंधनं आहेत. युरोपात १७ जानेवारी २०२५ पासून डोरा नावाचा नियम लागू झाला. तंत्रज्ञान पुरवणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या कंपनीची नोंद ठेवायची, आणि महत्त्वाच्या कामासाठी तिला सोडून कसं बाहेर पडणार याची योजनाही आधीच तयार ठेवायची. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०२३ मध्ये बँकांसाठी आयटीचं काम बाहेर देण्याबद्दल निर्देश काढले. म्हणजे सोडून जायची तयारी मागणं हा तुमच्यावरचा अविश्वास नसतो. त्यांना ती ठेवावीच लागते.

माणसांचे कायदे वेगळे. ब्रिटनमध्ये २००६ चे टीयूपीई नियम आहेत. काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं की ते करणाऱ्यांची नोकरी, तिच्या अटींसकट, त्या कामाच्या मागे जाऊ शकते. अमेरिकेत करांचा मुद्दा मोठा झाला आहे. नवं सॉफ्टवेअर बनवण्याचा परदेशात केलेला खर्च २०२२ पासून तिथल्या कंपन्यांना त्याच वर्षी वजा करता येत नाही, पंधरा वर्षांत विभागून दाखवावा लागतो. देशातल्या कामासाठी ही मुदत पाच वर्षांची होती, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने देशातलं काम पुन्हा एकाच वर्षात वजा करता येऊ लागलं. परदेशातले पंधरा तसेच राहिले. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम लागली, म्हणजे माणूस तिकडे नेणं महागलं. एक नियम काम तिकडे ओढतो, दुसरा इकडे ढकलतो. अमेरिकन ग्राहकाशी बोलताना तुमचं काम नव्या बांधणीचं आहे की चालू सॉफ्टवेअरच्या देखभालीचं, हे स्पष्ट वेगळं करा. त्यांच्या करसल्लागाराला नेमका तोच फरक हवा असतो.

सहावी पायरी: तुमची तपासणी

आता कुठे तुमचं नाव त्या खोलीत उच्चारलं जातं.

ही तपासणी कशाला, हे मला आपल्याकडच्या शेतकऱ्यांना कधी समजावून सांगावं लागलेलं नाही. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या द्राक्षांत सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर नाकारले गेले. द्राक्ष गोड होतं, मणी टपोरा होता, पण कागद पास झाला नाही. आज अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट नोंदणीवर कंटेनरपासून मागे जात थेट प्लॉटपर्यंत पोहोचता येतं. परदेशी खरेदीदार तुमच्या चवीवर शंका घेत नसतो; काही बिघडलं तर माग काढता येईल का, एवढं त्याला हवं असतं. आयटीतला रेसिड्यू रिपोर्ट (औषधाच्या अंशाचा दाखला) म्हणजे आयएसओ २७००१, एसओसी २ वगैरे माहितीच्या सुरक्षेचे दाखले. छोट्या कंपनीला हे पहिल्या दिवशी परवडत नाही. पण कोणाला कोणत्या सर्व्हरचा प्रवेश आहे याचा तक्ता, नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी काढल्याची नोंद, बॅकअप परत उभा करून पाहिल्याची तारीख, एवढं तर वहीत ठेवता येतं? मी सुरुवातीला हेच दाखवायचे.

हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीच्या संस्थापकांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशोबातल्या खोटेपणाची कबुली दिल्यानंतर परदेशी कंपन्या भारतातल्या पुरवठादाराचे आर्थिक कागद जास्त बारकाईने पाहू लागल्या. दोन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब मागितले तर वाईट वाटून घेऊ नका.

माझं एक काम याच पायरीवर गेलं. २०१९ ची गोष्ट. नेदरलँड्समधल्या एका गोदाम चालवणाऱ्या कंपनीशी सहा आठवडे बोलणी चालली होती. प्रत्येक कॉलवर तांत्रिक प्रश्नांना आमचा एकच मुलगा उत्तरं देत होता, आणि उत्तम देत होता. शेवटच्या कॉलला त्यांच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "हा उद्या सोडून गेला तर?" मी म्हणाले, तो जाणार नाही. त्या काही बोलल्या नाहीत. काम पुण्याच्या एका कंपनीला गेलं. तो मुलगा खरोखरच सात महिन्यांनी हैदराबादला गेला. त्यानंतर मी नियम केला की कोणत्याही कामाची माहिती किमान दोघांना हवी, आणि ग्राहकासमोर ती दोघांनीही बोलायला हवी.

नाशिकबद्दल त्यांना बहुधा काहीच माहीत नसतं. इथे डब्ल्यूएनएससारख्या कंपन्यांची केंद्रं आहेत आणि ईएसडीएसचं डेटा सेंटर सातपूरला आहे हे एका ओळीत सांगा. पुण्या-मुंबईच्या मानाने माणसं इथे जास्त टिकतात असं आपण सगळेच म्हणतो; ते म्हणू नका, आपल्या कंपनीचा आकडा द्या. तीन वर्षांत किती आले, किती गेले. इंटरनेटच्या दोन लाइन वेगवेगळ्या कंपन्यांच्या असून भागत नाही, त्या दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेल्या हव्यात. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खणला गेला की एकाच चरातल्या दोन्ही तुटतात. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी ऑफिसला कोण पोहोचेल, कोण घरून काम करेल, घरी इन्व्हर्टर आहे का, हे आत्ताच लिहून ठेवा. आम्ही हे पान ग्राहकाने न विचारताच पाठवतो, आणि त्यावर हमखास उत्तर येतं.

हल्ली आणखी एक प्रश्न येतो. आमचा कोड तुम्ही एआयच्या साधनांत टाकता का? "नाही" म्हणायचं तर खरंच टाकू नका. टाकत असाल तर कोणतं साधन, कोणत्या खात्यावरून, हे आधी सांगून लेखी परवानगी घ्या.

सातवी पायरी: लहान तुकडा, करार आणि निरोप

शहाण्या कंपन्या आधी सहा ते आठ आठवड्यांचा पायलट, म्हणजे चाचणीपुरतं छोटं काम, देतात. नवखे तिथे जीव तोडून कोड लिहितात. तिकडे मात्र वेगळंच पाहत असतात. तुम्ही प्रश्न कधी विचारले, पहिल्या आठवड्यात की शेवटच्या? उशीर होणार हे कधी कळवलं? "हो" म्हणालात तेव्हा ते "समजलं" होतं की नुसतं "ऐकलं"? आपल्याकडे मोठ्यांसमोर "नाही जमणार" म्हणणं उद्धट वाटतं, आणि ते मी समजू शकते. पण पायलटमध्ये मंगळवारी सांगितलेलं "शुक्रवारपर्यंत होणार नाही, सोमवारी होईल" हे शुक्रवारी रात्री पाठवलेल्या अर्धवट कामापेक्षा कितीतरी मोलाचं असतं.

करारात तीन जागा नीट वाचा: पैसे किती दिवसांत, कोडची मालकी कोणत्या क्षणी त्यांच्याकडे जाते, आणि काम परत नेताना तुम्ही काय-काय द्यायचं. तिसरं कलम बघून नवख्यांच्या पोटात गोळा येतो. पण मोठ्या मोठ्या कंपन्यांनी काम परत नेलेलं आहे. जेपी मॉर्गनने २००२ मध्ये आयबीएमशी सात वर्षांचा पाच अब्ज डॉलरचा करार केला आणि २००४ मध्ये तो मोडला, कारण 'बँक वन' नावाच्या बँकेशी विलीन झाल्यावर ते काम घरीच करायची ताकद आली होती. जनरल मोटर्सने २०१२ मध्ये बाहेर दिलेलं बहुतेक आयटीचं काम परत आत घ्यायचं ठरवलं. म्हणून परत द्यायचं कलम तुम्हीच लिहून न्या. समोरच्या खोलीत त्या एका पानाने फार मोठी भीती जाते.

काम हाती आलं की ज्ञान देण्याघेण्याचा काळ येतो, सगळे त्याला केटी म्हणतात. लीड्सला मी ज्यांच्याशेजारी बसून केटी घेतली ते गृहस्थ त्या प्रोग्रॅमवर बावीस वर्षं होते. आपली जागा जाणार हे त्यांना माहीत होतं. तरी रोज सकाळी ते मला एक-एक फाइल उघडून दाखवायचे, आणि कोणत्या ओळीला हात लावू नये हेही सांगायचे. मी परत येताना त्यांनी आपली हाताने लिहिलेली वही मला दिली. तिचं काय करायचं हे मला अजूनही नीट कळलेलं नाही. ती माझ्या कपाटात आहे. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कामामागे कोणीतरी असा माणूस असू शकतो. त्याच्याशी बोलताना घाई करू नका, त्याच्या कोडची टिंगल करू नका, आणि शिकलेलं त्यालाच परत समजावून सांगा, म्हणजे राहिलेलं तोच भरून देतो.

आपल्या बाजूचे कागद थोडक्यात: सेवेची निर्यात जीएसटीत शून्य दराने होते, त्यासाठी दर आर्थिक वर्षाला पोर्टलवर एलयूटी हे हमीपत्र भरा. सॉफ्टवेअर निर्यातीच्या सॉफ्टेक्स फॉर्मबद्दल बँकेला आणि एसटीपीआय (सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया) या सरकारी संस्थेला पहिलं बिल पाठवायच्या आधी विचारा, नंतर नाही. चांगला सीए यात हजारो रुपये घेतो आणि लाखो वाचवतो.

आता पहिलं पत्र

तीनशेऐवजी सहा कंपन्या निवडा. प्रत्येकीचं अडलेलं काय आहे ते पहिल्या दोन ओळींत त्यांच्याच शब्दांत लिहा: "तुमची वेअरहाउस सॉफ्टवेअरच्या देखभालीची जागा फेब्रुवारीपासून रिकामी दिसते." मग कामाचा एकच तुकडा सुचवा, बाहेर द्यायला सगळ्यात कमी जोखमीचा. ते काम येणाऱ्या दोघांची माहिती, तुमच्या आणि त्यांच्या घड्याळातले समान तास, खरा डेटा न मागता काम कसं कराल, आणि न जमल्यास सगळं परत कसं द्याल. दर शेवटच्या ओळीत, आणि तोही त्या तुकड्याचा एकूण. ब्रिटनला पाठवत असाल तर मंगळवारी किंवा बुधवारी, हिवाळ्यात आपल्या दुपारी अडीचला आणि उन्हाळ्यात दीडला. तेव्हा तिकडे कोणीतरी सकाळची कॉफी घेऊन नुकतंच खुर्चीत बसलेलं असतं. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, आणि त्या दिवशी समान तासांत फोन आला तर तो उचलायला त्या दोघांपैकी एक जण ऑफिसात हवा.